कपाटातली नोंदवही



सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि जैवविविधता समित्यांच्या सदस्यांच्या या सभेचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. आभारापाठोपाठ तक्रार करणं शिष्टाचाराला धरून नाही. पण जेवणाची वेळ होत आली आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

जैवविविधता कायदा 2002 चा. त्याच्या 41 व्या कलमाने ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकली. 2004 च्या नियमांनी त्या समितीचं मुख्य काम ठरवलं: गावकऱ्यांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं. कित्येक वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, पुढे कसूर करणाऱ्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि समित्या भराभर कागदावर आल्या. नोंदवह्याही आल्या. त्यातल्या काही मी चाळल्या आहेत. घाटमाथ्यावरच्या गावाची आणि खाडीकाठच्या गावाची यादी एकच: वड, पिंपळ, आंबा, चिंच, कावळा, चिमणी. खाडीकाठच्या वहीत तिवराचं नाव नाही! दंड टळला, काम राहिलं.

एकाच नोंदीचं उदाहरण घेतो. ‘शेवळं : रानभाजी’. संपली नोंद. आता शेवळांबद्दल रानात जाणाऱ्या एखाद्या आजीला विचारा. ती सांगेल, शेवळं पावसाच्या तोंडावर येतात, चार दिवसांत पानं फुटली की भाजी गेली. वरचा कोंब खुडायचा, कांद्याला हात लावायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येतात. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळं लागतात. म्हणजे बांधावरचं काकडाचं झाड तुटलं, की त्या घरच्या भाजीचीही अडचण होते. हे सगळं त्या आजीला ठाऊक आहे. नोंदवही लिहिणाऱ्या एजन्सीला नाही. नियमांनी समितीत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असं म्हटलं होतं. आपण त्या जागा कुणाच्या नावाने भरल्या, हे तुम्हीच आठवून बघा. आणि वृक्षारोपणाच्या खड्ड्यांत आपण लावतो काय? गुलमोहर. काकड लावणारी एक ग्रामपंचायत भेटली तर मी हार घेऊन जाईन.

समितीकडे अधिकार नाहीत, असं सारखं ऐकू येतं. ते खरं नाही. त्याच 41 व्या कलमाने, आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संपदा गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला दिला आहे. हिरडा, बिब्बा, नरक्या यांची पोती गावातून जातात. व्यापारी पैसे मोजतो वाहतुकीचे, हमालीचे. समितीच्या शुल्काचा हिशेब कुणी विचारत नाही, कारण समितीच विचारत नाही.

मनावर घेतलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे. झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर डोकावतात. क्षेत्र जेमतेम 2.59 हेक्टर, पण गावाने राई म्हणून ते राखलं, म्हणून राज्य सरकारला तिथे जैविक वारसा स्थळ जाहीर करता आलं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि 2021 मध्ये ती जागाही वारसा स्थळ झाली. दोन्ही ठिकाणं मिळून पाच हेक्टरही भरत नाहीत. निसर्ग राखायला हजारो एकर लागतात, या सबबीचं मग काय करायचं?

पैशाबद्दल एवढंच म्हणेन: ग्रामपंचायत विकास आराखड्यात रस्ता, गटार, दिवे यांच्या शेजारी समितीच्या कामासाठी वेगळी तरतूद नसेल, तर तिच्या ठरावाला अर्थ नाही. समिती बैठकीचा चहासुद्धा पदरच्या पैशाने घेत असेल, तर ती टिकत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नोंदवही कपाटातून काढा आणि मोठ्याने वाचा. जे चुकलं असेल ते लोक तिथेच सांगतील. ते लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव घाला, आणि त्या आजीला समितीवर घ्या.