ट्रकचं ऑइल गळतंय: इंजिन खोलायचं की गाडी चालू द्यायची?

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी. गाडी म्हणजे ट्रक. बीड जिल्ह्यात कुणी 'गाडीवर आहे' म्हणलं की तो ट्रकवरच असतो, हे काय वेगळं सांगायचं.

परवा एका पोराची व्हॉइस नोट आली. "भाऊ, दसऱ्यानंतर गाडी कारखान्यावर लावायचीय. इंजिनातून ऑइल गळतंय. एक मिस्त्री म्हणतो इंजिन खोल. दुसरा म्हणतो काही होत नाही, ऑइल टाकत जा. कुणाचं ऐकू?"

माझं उत्तर असं, की दोघांचंही लगेच ऐकू नको. मी दोन्ही बाजूंनी चुकलेला माणूस आहे. एकदा गरज नसताना पैसे घातले आणि एकदा गरज असताना गाडी जवळपास तशीच पुढं काढली होती. ते दोन्ही किस्से सांगतो. गळती कशी शोधायची ते त्यातच येईल.

पहिला किस्सा २०२१ चा. माझी गाडी टाटा २५१८, दहा टायरची, कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. पावसाळाभर गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी होती. हंगाम जवळ आला म्हणून बाहेर काढली, चार-दोन खेपा केल्या, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी, बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून, टपटप ऑइल. मिस्त्रीनं बघितलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागंल."

आता मागचं सील म्हणजे रबराची एक रिंग. वस्तू छोटी, पण तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. दोन दिवस गेले, सीलसकट साडेसहा हजार गेले. वाहतुकीची उचल घेतली होती, त्यातूनच दिले. पंधरा दिवसांत पुन्हा टपटप. मिस्त्री म्हणला, सील डुप्लिकेट निघालं. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा नवं सील, पुन्हा पैसे. आठ दिवस बरं चाललं आणि परत ओल दिसायला लागली.

तेव्हा तेलगावच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. म्हणले, "इंजिन चालू ठेव, आणि ऑइल टाकायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेव." मी ठेवलं. झाकण तडतड नाचायला लागलं आणि उडून बाजूला पडलं. चाचा म्हणले, "बेटा, आत हवा कोंडलीय. तू सील बदलत बसलास."

झालं होतं असं. प्रत्येक इंजिनात पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली, ऑइलच्या बाजूला उतरतो. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनातही तो थोडा असतोच. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो. माझ्या इंजिनात टॅपेटच्या बाजूच्या कव्हरवरून पाइप निघतो आणि खाली चॅसीकडं उघडा सोडलेला असतो. त्या पाइपाच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं! गाडी तीन-चार महिने एका जागी उभी, तिला आयतीच जागा मिळाली. हवेला वाट नाही, आत दाब वाढला आणि ऑइल सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे मागच्या सीलातून, बाहेर यायला लागलं.

चाचांनी पाइप काढला, तारेनं माती पाडली, डिझेलनं धुतला, परत लावला. वीस मिनिटांचं काम. टपटप थांबली. थोडी ओल राहिली, ती अख्खा हंगाम तशीच राहिली आणि काही बिघडलं नाही. माझे दोन वेळचे पैसे मात्र मातीत गेले.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. कोणतंही सील, कोणतंही गॅस्केट बदलायच्या आधी ब्रीदर बघा. ब्रीदर साफ असूनही झाकण उडतंय आणि ब्रीदरमधून धूर भकाभका येतोय, तर रिंग-लायनर घासलेत. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर किंवा टर्बो खराब असला तरी आत हवा जाते, तेही तपासून घ्या. अशा गाडीला कितीही सीलं बदला, ती पुन्हा गळणारच. तिथं खरा प्रश्न हाफ इंजिन कधी करायचं हा असतो. ऑइल पातळीच्या वर भरलं असलं तरी ते बाहेर फेकलं जातं. "जरा जास्तच टाक" ही सवय सोडा.

आता गळती शोधायची कशी. ऑइल खाली पडतंय तिथंच गळतंय असं धरू नका. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वारा त्याला मागं ढकलतो. त्यामुळं मूळ जागा बहुतेक वेळा वर आणि पुढं असते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गेलेलं असतं, ऑइल ब्लॉकवरून ओघळत मागं येतं आणि बेल हाऊसिंगवरून टपकतं. बघणारा म्हणतो, मागचं सील गेलं.

मग करायचं काय? इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं स्वच्छ धुवा, कपड्यानं कोरडं पुसा. चिखल, जुनं ऑइल, भुसा, सगळं काढा. संशयाच्या जागांवर साधी टॅल्कम पावडर मारा, तोंडाला लावायची तीच. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि मोबाइलच्या टॉर्चनं वरून खाली बघत या. पावडर सगळ्यात वर जिथं भिजलीय, तिथून सुरुवात आहे. प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवा. मिस्त्रीला फोटो दाखवला की तो अंदाजानं बोलायचं बंद करतो.

दुसरं म्हणजे, गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का? चालवलेलं डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. गिअरबॉक्सचं ऑइल जास्त घट्ट असतं आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास मारतो. डिझेल पातळ, त्याचा वास तर झोपेतही ओळखू येतो. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बहुतेक लालसर असतं. बेल हाऊसिंगमधून टपकणारं ऑइल गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलाचंही असू शकतं. बोटावर घ्या, वास घ्या, मग मिस्त्रीकडं जा.

तिसरी गोष्ट, मोजमाप. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग बघा. पण उभ्या गाडीचं गळणं आणि भरल्या गाडीचं गळणं वेगळं. खरा हिशेब काडीवर होतो. सकाळी, थंड इंजिन, सपाट जागा, काडी पुसून परत घालून बघायची. किती किलोमीटरला किती ऑइल टाकलं हे वहीत नाहीतर मोबाइलमध्ये लिहा.

साधं गणित करू. ढोबळमानानं २० थेंबांचा एक मिलिलिटर धरा. मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर दहा तासांत ३० मिलिलिटर. रोज दहा तास गाडी चालली तरी महिन्याला लिटरभरसुद्धा होत नाही. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दहा तासांत १.८ लिटर. माझ्या गाडीच्या काडीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण दोन लिटरांचाच फरक आहे. म्हणजे सकाळी फुल असलेली काडी संध्याकाळी खालच्या खुणेवर. अशा गाडीनं लांबचा रस्ता धरायचा नाही.

पण नुसतं मोजमापही फसवतं. इथं दुसरा किस्सा येतो.

चाचांकडून शिकून आल्यावर मी हुशार झालो होतो. कुणाच्याही गाडीला म्हणायचो, "ओल आहे रे, चालू दे." पुढच्या वर्षी दिवाळीनंतर टोळी घेऊन निघालो. मालाच्या गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्याकडं कोयता निघतो तो असाच निघतो, संसार, शेळ्या, लेकरं सगळं गाडीत. माजलगावच्या बाजूनं आलो. तेलगावला चहाला थांबलो. पुढं धारूरचा घाट, मग केज, कळंब, बार्शी, पंढरपूर करत खाली जायचं होतं.

चहा पिताना जळक्या ऑइलचा वास आला. बॉनटच्या फटीतून निळसर धूर, अगदी थोडा. खाली जमिनीवर एक थेंब नाही. सकाळी काडी फुल होती, आताही जवळजवळ फुल. माझ्याच हिशेबानं ही गळती काहीच नव्हती. मुकादम म्हणला, "भाऊ, घाट चढून वर जाऊ, धारूरात दाखवू." मीही स्टार्टर मारायच्या बेतात होतो.

मग टॉर्च मारली. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप क्लिपला घासून घासून त्याला केसाएवढी चीर पडली होती. त्यातून ऑइलची बारीक फवार टर्बोच्या गरम अंगावर उडत होती आणि तिथंच जळत होती. म्हणून तर खाली थेंब नव्हता.

त्या पाइपात इंजिन पळताना साधारण तीन-चार किलोचा दाब असतो. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, २०० अंशांच्या थोडा वर. भरली गाडी घाट चढताना टर्बोत जाणारा एक्झॉस्टचा गॅस ५०० अंशांच्या पुढं असतो. चीर फाटली असती, तर एक तर गाडीनं पेट घेतला असता किंवा दाब जाऊन इंजिन जाम झालं असतं. तेही धारूरच्या घाटात, अरुंद वळणावर, मागं बायका-लेकरं बसलेली असताना.

सगळ्यांना खाली उतरवलं. मुकादम लय बोलला. रात्र तेलगावातच काढली, चुली रस्त्याच्या कडेला मांडल्या. सकाळी पाइप आठशे रुपयांत बदलून झाला. एक दिवस गेला. त्या टोळीत एक मावशी होत्या, नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. त्या एवढंच म्हणल्या, "लेकरा, उशीर झाला तर झाला." मला अजून तो पाइप आठवला की पोटात गोळा येतो.

आता दोन्ही किस्से शेजारी ठेवून बघा. जिथून टपटप ऑइल पडत होतं, तिथं मी दोनदा गिअरबॉक्स उतरवला आणि गरज नव्हती. जिथून एक थेंब पडत नव्हता, तिथं माणसं गेली असती. म्हणून किती गळतंय हे शेवटी बघायचं. कुठं गळतंय आणि का गळतंय, हे आधी.

माझी वाटणी अशी आहे, हवं तर स्क्रीनशॉट काढा.

गाडी तिथंच थांबवायची कधी? टर्बो किंवा एक्झॉस्टजवळ ऑइल येतंय. दाबाच्या पाइपातून, ऑइल फिल्टर किंवा ऑइल कूलरच्या जोडातून ऑइल येतंय. ऑइल क्लच प्लेटवर जाऊन चढावर क्लच घसरतोय. ऑइलचा दिवा लागतोय किंवा प्रेशरचा काटा खाली येतोय. यात "पुढच्या गावापर्यंत" असलं काही नाही.

खेप टाकून लगेच करायचं काय? थेंबांची धार व्हायला लागलीय, आठवड्याला काडी आधीपेक्षा जास्त उतरतेय, किंवा पुढच्या क्रँक सीलातून ऑइल पट्ट्यावर उडतंय. पट्टा भिजला की तो घसरतो, मग पंप आणि अल्टरनेटर दोन्ही अडचणीत.

हंगामानंतरवर ढकलता येईल असं काय? टॅपेट कव्हरची ओल, चेंबरच्या गॅस्केटची ओल, मागच्या सीलाचा सावकाश पडणारा थेंब, क्लच कोरडा असेल तर. रोज काडी बघायची, गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवायचा, आणि उन्हाळ्यात क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा सील त्याच मजुरीत बदलून घ्यायचं.

दोन-तीन चुका सांगून थांबतो. चेंबरचे बोल्ट गळतंय म्हणून आवळत सुटू नका. गॅस्केट दबून फाटतं आणि चेंबरची कड वाकते. वरून सिलिकॉन थापू नका. ऑइलच्या ओलीवर ते धरत नाही. आत लावलेलं जास्तीचं सिलिकॉन तुटून ऑइलच्या जाळीत अडकतं. सील बदलताना क्रँकवर नख फिरवून बघा. खाच लागली तर नवं सीलही गळणार, स्लीव्ह बसवून घ्या. काही इंजिनांची सीलं, माझ्या कमिन्सचं मागचं सील धरून, कोरडीच बसवायची असतात, ओठाला ऑइल लावायचं नसतं. मिस्त्रीला आधी विचारा, विचारायला लाजू नका.

तर व्हॉइस नोटवाल्या भावा, आधी ब्रीदर बघ. मग इंजिन धू, पावडर मार आणि फोटो पाठव. जागा कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नको. बाकीच्यांनीही आपापल्या गाडीचे अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा, पण गाडी चालवताना नाही, थांबल्यावर. पुढच्या भागात एअर ब्रेकच्या टाकीत ऑइल आणि पाणी का येतं ते बोलू. तोवर सावकाश चालवा. रामराम.