पशुप्रदर्शनाचे नियम आणि नीति

आपल्याकडील बैलबाजार आपणांपैकीं पुष्कळांनीं निदान दुरून तरी पाहिला असेल. विकावयास आणलेल्या बैलाचीं शिंगें साळून तेलानें चकाकविलेलीं असतात, पाठीवर झूल असते. आणि जाणतें गिऱ्हाईक त्या सजावटीकडे ढुंकूनहि न पाहतां बैलाचा जबडा उघडून दांत पाहतें. बैल आदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे कीं जुळलेला आहे, हें विकणाराच्या तोंडून न ऐकतां बैलाच्याच तोंडांतून काढून घ्यावयाचें, अशी ही रीत. मग रुमालाखालीं बोटें दाबून सौदा ठरतो. या व्यवहारांत विकणारा थोडेंफार लपविणार व घेणारा तें हुडकून काढणार, हें दोघांनींहि गृहीत धरलेलें असतें. जो फसला तो आपल्या डोळ्यांना दोष देतो, बाजाराला नाहीं.

आज मी ज्या जत्रेविषयीं बोलणार आहें तेथें मात्र असें गृहीत धरून चालत नाहीं. ही जत्रा अमेरिकेंतील काउंटीची. काउंटी म्हणजे राज्याचा एक पोटविभाग. आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा वस्तीनें लहान. पिकें हातीं येण्याच्या सुमारास, उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत, ठिकठिकाणीं अशा जत्रा भरतात. तेथें पाळणे असतात, मिठाई असते, मुरंब्यांच्या बरण्या व अगडबंब भोपळे मांडलेले असतात. परंतु जत्रेचा खरा जीव गुरांच्या मांडवांत असतो. आणि तेथें जनावराची दोरी धरून रिंगणांत उतरणारीं बहुतेक शाळकरी मुलें असतात. म्हणूनच तेथील लबाडी ही केवळ गिऱ्हाइकाची फसवणूक राहत नाहीं. ती आणखी कोणाची फसवणूक होते आणि ती रोखण्यासाठीं काय नियम झाले, तें सांगण्याचा आज विचार आहे.

या प्रदर्शनांचा उगम शिक्षणांत आहे. १८०७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील पिट्सफील्ड गांवीं एल्काना वॉटसन नांवाच्या गृहस्थानें भर चौकांत दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठीं ठेवल्या. तलम लोंकरीची ही स्पॅनिश जात पाहावयास शेतकऱ्यांची गर्दी लोटली. दोन मेंढ्यांसाठीं एवढे लोक येतात, तर मोठें प्रदर्शन कां भरवूं नये, असें त्याच्या मनांत आलें. १८१० मध्यें त्यानें गुरांचें प्रदर्शन भरविलें आणि १८११ मध्यें बर्कशायर कृषिसंस्था निघाली. चांगलें जनावर कसें असतें तें शेतकऱ्याला प्रत्यक्ष दाखवावें, आणि बक्षिसाची चुरस लावून त्याला आपलीं गुरें सुधारावयास लावावें, ही त्यामागील कल्पना. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मुलांचीं शेतकी मंडळें निघालीं. १९०२ मध्यें ओहायो राज्यांत ए. बी. ग्रॅहम या शिक्षकानें काढलेलें मंडळ त्यांत आद्य समजलें जातें. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें कृषिविद्यालयांच्या मार्फत या कार्यास सरकारी आधार मिळाला. हीं मंडळें ‘फोर-एच’ या नांवानें ओळखलीं जातात. डोकें, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांचें इंग्रजी आद्याक्षर एकच आहे, त्यावरून हें नांव पडलें. बक्षीस हें साधन आणि शिक्षण हें साध्य, असा हा मूळचा संसार होता.

आतां एका मुलीचें वर्ष डोळ्यांसमोर आणा. ती तेरा वर्षांची आहे. शरदृतूंत ती एक खच्ची केलेला गोऱ्हा विकत घेते. रोज पहाटे शाळेपूर्वीं त्याला खुराक घालावयाचा, पाणी दाखवावयाचें, शेण काढावयाचें, खरारा करावयाचा; म्होरकी घालून चालावयास शिकवावयाचें; आणि दाण्यापासून औषधापर्यंतचा सारा खर्च वहींत टिपावयाचा. जत्रेपर्यंत तो गोऱ्हा बाराशें-चौदाशें पौंडांचा होतो आणि तिच्या हातच्या एका दोरीनें मुकाट्यानें चालतो. रिंगणांत परीक्षक त्याची पाठ, मांड्या व चाल पाहतो. दुसरी एक स्पर्धा असते, तींत गुण जनावराला नसून मुलीला असतात. ती जनावर कसें उभें करते, परीक्षकाकडे लक्ष ठेवते कीं नाहीं, खुराकाविषयीं विचारल्यास नीट उत्तर देते कीं नाहीं, हें तेथें पाहतात. कांहीं वेळां परीक्षक मुलांना एकमेकांचीं जनावरें धरावयास सांगतो. म्हणजे पढविलेलें जनावर कोणाचें आणि शिकलेला मुलगा कोणता, तें तेव्हांच दिसतें.

पुष्कळ जत्रांत मुलांसाठीं एक उदार पद्धति आहे. तेथें एकाच पहिल्याला बक्षीस न देतां, जो जो उत्तम कसोटीस उतरेल त्या प्रत्येकाला निळी फीत, त्याखालच्यांना तांबडी व त्याखालच्यांना पांढरी देतात. परंतु अखेरीस लिलांव असतो, आणि तेथून मोहाला सुरुवात होते. गांवचे व्यापारी मुलांच्या कौतुकासाठीं बाजारभावाहून पुष्कळ अधिक बोली लावितात. काउंटीच्या जत्रेंत यांतून मुलाच्या पुढील शिक्षणाची थोडी तरतूद होते; मोठमोठ्या राज्यजत्रांत सर्वश्रेष्ठ जनावराची किंमत एखाद्या घराच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागते. एवढा पैसा जेथें आला तेथें मुलांच्या खेळांत मोठ्यांचा हात शिरणार, हें सांगावयास नको.

तो कसा शिरला याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. १९७२ मध्यें डेन्व्हर येथील प्रसिद्ध पशुप्रदर्शनांत सर्वश्रेष्ठ ठरलेला काळाभोर अँगस गोऱ्हा चक्क रंगविलेला निघाला. मूळचा तो पांढुरक्या शारोले जातीचा होता. या प्रकाराला निदान हसतां तरी येतें. १९९४ मध्यें ओहायोच्या राज्यजत्रेंत जें उघडकीस आलें त्याला हसतां येत नाहीं. तेथील विजेत्या जनावरांच्या तपासणींत क्लेनब्युटेरॉल या निषिद्ध औषधाचा वापर आढळला. अंगाला गोलाई यावी म्हणून कांहींच्या कातडीखालीं तेल टोचल्याचेंहि दिसून आलें. विजेत्यांचीं पदें काढून घेण्यांत आलीं, आणि त्या राज्यानें प्रदर्शनांतील जनावरांशीं असा खेळ करणें हा कायद्यानें गुन्हा ठरविला.

क्लेनब्युटेरॉल हें मूळचें श्वासविकारावरील औषध. त्यानें चरबी घटते व स्नायु फुगतात, म्हणून परीक्षकाच्या डोळ्यांना जनावर भरदार दिसतें. पण तें यकृतांत सांचून राहतें. १९९० मध्यें स्पेनमध्यें असें यकृत खाऊन शंभरांहून अधिक माणसांना विषबाधा झाली. छाती धडधडणें, हात कांपणें अशीं लक्षणें दिसलीं. रिंगणांतील लबाडी ताटापर्यंत कशी पोंचते तें यावरून ध्यानांत येईल.

आतां नियम पाहूं. वरवर पाहतां ते किचकट वाटतात, पण प्रत्येकाच्या मागें कोणती तरी जुनी लबाडी उभी आहे.

पहिला नियम मालकीचा. ठरलेल्या तारखेपूर्वीं जनावर मुलाच्या मालकीचें व देखरेखीखालीं आलेलें असलें पाहिजे. त्या वेळीं त्याच्या कानांत क्रमांकाचा बिल्ला मारितात. कित्येक ठिकाणीं केसांचा नमुना राखून ठेवितात, किंवा गोऱ्ह्याच्या नाकाचा ठसा शाईनें कागदावर उमटवून घेतात. माणसाच्या बोटांप्रमाणें गुराच्या नाकावरील रेषाहि प्रत्येकाच्या निराळ्या असतात. हा खटाटोप एवढ्यासाठींच कीं, जत्रेच्या आदल्या आठवड्यांत एखाद्या धनिक बापानें दूरच्या गोठ्यांतून तयार जनावर आणून मुलाच्या हातीं नुसती दोरी देऊं नये.

दुसरा नियम औषधांचा. आजारी जनावराला औषध देणें हा अपराध नव्हे; न देणें हा आहे. परंतु औषध शरीरांतून निघून जाण्यास मुदत लागते, आणि ती संपेपर्यंत तें मांस खाण्यास योग्य नसतें. म्हणून कोणतें औषध केव्हां दिलें तें लिहून देणें अनेक जत्रांत सक्तीचें आहे. विजेत्यांचें मूत्र तपासतात, कत्तलीनंतर मांसहि तपासतात. बुजरें जनावर शांत दिसावें म्हणून गुंगीचें औषध देण्यासहि मनाई असते.

तिसरा नियम जनावराच्या शरीराचा. कातडीखालीं तेल, हवा किंवा दुसरें कांहीं भरणें, अंग घट्ट लागावें म्हणून मारणें, वजन भरावें म्हणून घशांत नळी घालून पाणी ओतणें, किंवा वजन उतरावें म्हणून उपाशी व तहानलेलें ठेवणें, या साऱ्या गोष्टी निषिद्ध आहेत. येथें फसवणूक परीक्षकाची होते, पण वेदना त्या मुक्या जनावराला होतात.

चौथा नियम आरोग्याचा. आणि तो लबाडीमुळें नव्हे, रोगामुळें आला आहे. २०१२ मध्यें अमेरिकेंत डुकरांपासून येणाऱ्या एका जातीच्या इन्फ्लुएंझाची बाधा तीनशेंहून अधिक माणसांना झाली. त्यांपैकीं बहुतेकांचा जत्रेंतील डुकरांशीं संबंध आला होता, आणि पुष्कळशीं मुलेंच होतीं. तेव्हांपासून डुकरें जत्रेंत तीन दिवसांहून अधिक ठेवूं नयेत, त्यांच्याजवळ खाऊं-पिऊं नये, हात धुवावे, असा सल्ला दिला जातो. २०२४ मध्यें दुभत्या गाईंत पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा आढळल्यावर कांहीं राज्यांनीं गाय जत्रेंत आणण्यापूर्वीं तिची तपासणी सक्तीची केली.

कोणी म्हणेल, गोऱ्ह्याला न्हाऊं घालणें, केस विंचरून फुगविणें, पाठ सरळ दिसावी असे ते कातरणें, हीहि फसवणूकच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. सामान्य समजूत अशी कीं, जें कातडीच्या वर आहे तो शृंगार, आणि जें कातडीच्या आंत गेलें तो कपट. शृंगारानें जनावराला इजा होत नाहीं, खाणाराच्या पोटांत विष जात नाहीं, आणि जाणत्या परीक्षकाचा हात केसांखालचें खरें ओळखतो. तरीहि यांत पैसेवाल्याच्या मुलाचें फावतें हें जाणून टेक्सस राज्यांतील कांहीं मोठ्या प्रदर्शनांनीं गोऱ्ह्याच्या अंगावरील केस पाव इंचाहून लांब असूं नयेत असाच नियम केला. सर्वांनाच भादरून टाकलें कीं नाभिकाच्या कौशल्याला वाव राहत नाहीं!

अमेरिकेंतील जत्रा व प्रदर्शनें यांच्या संघानें प्रदर्शकांसाठीं एक नीतिसंहिता केली आहे. तींतील एक कलम मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. जनावराच्या स्थितीबद्दल प्रदर्शक, त्याचे पालक आणि मार्गदर्शक या सर्वांना पूर्णपणें जबाबदार धरलें आहे. ‘सुई कोणी टोंचली मला ठाऊक नाहीं’ हा बचाव तेथें चालत नाहीं. हें कठोर वाटेल; पण तेरा वर्षांची मुलगी आपण होऊन निषिद्ध औषध पैदा करीत नाहीं. तें तिच्या गोठ्यांत कोणी तरी मोठा माणूस आणून ठेवितो. आणि त्या दिवशीं ती मुलगी काय शिकते? वर्षभराची पहाटेची मेहनत पुरेशी नव्हती, हें शिकते; आणि ज्याच्यावर आपण विश्वास ठेवला त्यानेंच तसें ठरविलें, हेंहि शिकते. पुढें निळी फीत मिळाली काय किंवा काढून घेतली काय, हा धडा पुसला जात नाहीं.

परंतु नियम म्हणजेच नीति नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. मांसासाठीं वाढविलेलीं जनावरें लिलांवानंतर खाटकाकडेच जावीं, असा पुष्कळ जत्रांचा नियम आहे. औषध दिलेलें जनावर लपवून परत नेतां येऊं नये, हा त्याचा एक उपयोग. २०२२ मध्यें कॅलिफोर्नियांत नऊ वर्षांच्या एका मुलीला आपला बकरा देववेना. आईनें तो जत्रेंतून नेला, आणि नुकसान भरून देण्याची तयारी दाखविली. जत्रेच्या चालकांनीं नियमावर बोट ठेविलें. पोलिसांनीं शेंकडों मैलांवर जाऊन तो बकरा ताब्यांत घेतला आणि अखेर तो कापला गेला. पुढें फिर्याद झाली, आणि २०२४ मध्यें त्या काउंटीनें तीन लाख डॉलर देऊन तडजोड केली. जो नियम कपटाला आवरण्यासाठीं केला, तो एका बालिकेच्या मायेवर चालविला गेला. दुसरीं हजारों मुलें दर वर्षीं डोळे पुसून जनावराची दोरी सोडतात, आणि मांस ताटांत कोठून येतें तें समजून मोठीं होतात. त्यांचा मी अनादर करीत नाहीं. पण समजून सोडणें निराळें आणि हिसकावून घेणें निराळें. एवढा विवेक नियमांच्या पुस्तकांत लिहितां येत नाहीं. तो चालविणाऱ्याच्या ठायीं असावा लागतो.

आपला बैलबाजारांतील शेतकरी जनावराचे दांत पाहतो, कारण माणसाच्या शब्दावर त्याचा भरवसा नसतो. कानांतला बिल्ला, नाकाचा ठसा, मूत्राची तपासणी, हीं त्याच अविश्वासाचीं नवीं साधनें आहेत, आणि तीं अवश्य असावींत. परंतु वॉटसननें चौकांत दोन मेंढ्या बांधल्या त्या लोकांनीं पाहून शिकावें म्हणून. आज रिंगणांत दोरी धरून उभीं असलेलीं मुलें परीक्षकाकडे पाहतात तितकींच कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या वडील माणसांकडेहि पाहत असतात, हें त्या वडील माणसांनीं विसरूं नये.