पायाखालचा ज्वालामुखी



भडगाव तालुक्यात गिरणाकाठचा गाळ सोडून जरा वर विहीर खोदायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मांजऱ्यातली छिद्रे म्हणजे तापलेल्या शिलारसातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे. आपली विहीर ज्वालामुखीच्या थरांतूनच खाली उतरत असते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला अतितप्त खडक वर सरकला. वरचा दाब कमी होताच तो वितळला आणि जमिनीच्या लांबच लांब भेगांतून शिलारस बाहेर पसरला. धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या सरळ टेकड्या दिसतात, तो अशाच भेगांत थिजलेला रस. या थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. अजिंठ्याची लेणी त्यांतच कोरलेली आहेत आणि आपला कापूस पिकवणारी काळी माती त्याच दगडाची झालेली आहे.

अशा उद्रेकात जीव कशाने जातो? वाहता लाव्हा फार थोड्यांना गाठतो. १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे अशाच भेगा फुटल्या. विषारी वायू गवतावर बसले, निम्म्याहून अधिक मेंढ्या मेल्या, दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. आपल्याकडचा उद्रेक तर त्याहून कितीतरी पटींनी मोठा होता. डायनोसॉर नाहीसे होण्यात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीबरोबर त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातील नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी फुटला. उद्रेक तसा लहानच होता, पण बर्फ वितळून राखेचा चिखल नदीच्या दरीतून सुटला आणि सुमारे अडीच तासांनी त्याने आर्मेरो हे गाव गाडून टाकले. एकूण सुमारे २३ हजार माणसे मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. दुपारपासून गावात राख पडत होती. तरी लोकांना घरातच थांबायला सांगितले गेले. रेडिओवरूनही ‘घाबरू नका’ असाच निरोप गेला. उंचवटा चालत जाण्याच्या अंतरावर होता.

याउलट, १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो जागा होऊ लागला, तेव्हा शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले, धोक्याचे १ ते ५ असे टप्पे ठरवले आणि ज्वालामुखी काय करू शकतो याची चित्रफीत लोकांना दाखवली. १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो कुटुंबे हलवली गेली. वादळी पावसाने ओली झालेली राख छपरांवर साचली, छपरे कोसळली आणि शेकडो माणसे गेलीच. पण हजारो वाचली. पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात चिखलाचे लोट येतच राहिले. म्हणजे स्फोट थांबला तरी व्यवस्थापनाचे काम संपत नाही.

भारतात आज जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेट, आणि तिथे मनुष्यवस्ती नाही. खानदेशातला अग्नी तर कधीच विझला आहे. मग ही गोष्ट आपल्याला कशासाठी?

श्रोतेहो, सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणेला महापूर आला, तेव्हा भडगावची शेकडो घरे वाहून गेली. आर्मेरोतही माणसे मेली ती दरीतून आलेल्या लोंढ्याने. नदीकाठच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पूर असो वा ज्वालामुखी, आपल्या हाती असतात ते इशारा आणि लोंढा यांमधले काही तास. पाणी कुठवर चढते, उंच जागा कोणती, म्हाताऱ्यांना आणि गुराढोरांना कोण हलवणार, हे कोरड्या दिवसांतच ठरलेले असावे. आर्मेरोत नकाशा होता, वेळ होता, टेकडीही होती. फक्त ‘उठा, निघा’ असे कोणी वेळेवर सांगितले नाही.