मुलग्यांच्या दुखण्याबद्दलही बोलूया



मी पाली गावात बचत गटांचं काम बघते. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, तरी एक ताई उठेना. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "पोराच्या पिशवीत एकच गोळी हाताला लागते. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की उतरेल. आता चार वर्षांचा झालाय." एवढे दिवस तिनं हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

म्हणून आज वृषणांबद्दल, म्हणजे त्या गोळ्यांबद्दल बोलते. पोरं आंघोळीला आपल्याच हाताखाली असतात, मग लाज कसली?

पोटातलं बाळ जेमतेम महिन्याचं असतं, तेव्हाच त्याच्यात पुढच्या पिढीचं बियाणं तयार होतं. या बीजपेशी आधी गर्भाला लागून असलेल्या बलकपिशवीच्या भिंतीत असतात. तिथून सरकत सरकत त्या बाळाच्या पोटात येतात आणि तिथं वृषण घडतं. नंतर वृषणं खाली पिशवीत उतरतात. जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत, तर पुढे आपोआप उतरायची आशा फार थोडी. अशा वेळी पहिल्या वर्ष-दीड वर्षात छोटं ऑपरेशन करून गोळी खाली आणतात. न उतरलेल्या वृषणात पुढे कर्करोगाचा धोका जास्त असतो. अशा बहुतेक मुलांना तो होत नाही, पण वयात यायच्या आत ऑपरेशन झालं तर धोका आणखी कमी होतो.

हा रोग होतो कसा? काही बीजपेशी पिकतच नाहीत, गर्भातल्यासारख्या कच्च्याच राहतात. डेन्मार्कचे डॉक्टर स्काकेबेक यांनी 1972 साली दाखवून दिलं, की गाठ होण्याच्या कितीतरी आधी अशा पेशी वृषणात दिसतात. त्यांच्यात गर्भातल्या वयाची प्रथिनं असतात, त्यावरून तपासनीस त्यांना ओळखतात. बऱ्याचदा पंधरा ते चाळीसच्या वयात त्यांतून गाठ धरते.

आता आपल्या ओळखीची गोष्ट. पाळी चुकली की आशाताई लघवी तपासायची पट्टी देतात. ती पट्टी एचसीजी नावाचं प्रथिन ओळखते. बाईच्या शरीरात ते वारेतून येतं. वृषणाच्या काही गाठी तेच प्रथिन बनवतात! दुसरं प्रथिन एएफपी. ते गर्भात बलकपिशवी आणि यकृत बनवतं, मोठ्या माणसाच्या रक्तात ते अगदी थोडं असतं. म्हणून अशी गाठ दिसली, की डॉक्टर सोनोग्राफी करतात आणि ऑपरेशनच्या आधी रक्तात एचसीजी, एएफपी आणि एलडीएच बघतात. नंतरही बघत राहतात. आकडे खाली आले तर उपचार लागू पडतोय, पुन्हा चढले तर रोग परततोय.

पण घरी पट्टी लावून बघू नका. काही गाठींत ही प्रथिनं वाढतच नाहीत. रक्त चांगलं आलं म्हणजे गाठ नाही, असं होत नाही.

कधी या पेशी वाटेतच, छातीत राहून जातात. क्रिकेटपटू युवराज सिंगची गाठ तशीच छातीत, दोन फुफ्फुसांच्या मध्ये होती. 2012 साली त्यानं अमेरिकेत इंडियानापोलिसला उपचार घेतले. तिथल्याच डॉक्टर आइनहॉर्न यांनी 1974 साली सिसप्लॅटिन हे औषध या रोगावर वापरायला घेतलं आणि मरणाऱ्या तरण्या पोरांचे जीव वाचू लागले. युवराज त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला. आज हे औषध आपल्याकडेही मिळतं. वेळेवर आलेल्या शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. एक गोळी काढली तरी संसार होतो, बहुतेकांना मुलंही होतात.

आपल्या देशात हा रोग वर्षाला लाख पुरुषांत एकालाही होत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून पोरं सांगत नाहीत. वयात आलेल्या मुलाला सांगा: आंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा हात लावून बघ. कडक लागलं, एक बाजू जड किंवा मोठी वाटली, तर बोल. शेक-लेपात दिवस घालवू नका. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून पुण्याला ससून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

त्या ताईबरोबर मी गेले होते. डॉक्टर म्हणाले, "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही." येताना एसटीत ती म्हणाली, "आधीच विचारलं असतं तर!"

तुम्ही आजच विचारा.