विजेचा हिशेब

दिवा लावण्यासाठीं बटण दाबणारा मनुष्य विजेच्या शास्त्राचा विचार करीत नाहीं, आणि तसा तो रोज करावा अशी अपेक्षाही नाहीं. परंतु ज्या घरांत पूर्वीं दोन दिवे व एक पंखा एवढाच विजेचा संसार होता, त्याच घराच्या जुन्या तारांवर जेव्हां पाणी तापविण्याचें यंत्र जोडलें जातें, तेव्हां एक हिशेब करणें अगत्याचें ठरतें. दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलासही तो यावा इतका सोपा आहे.

विजेच्या बाबतींत तीन गोष्टी लक्षांत ठेवावयाच्या. पहिली दाब; तो व्होल्टांत मोजतात. दुसरी प्रवाह, त्याचें माप अँपियर. तिसरी रोध, म्हणजे तार किंवा उपकरण प्रवाहास जो अडथळा करतें तो; त्याचें माप ओहम. टाकी उंचावर असली कीं नळास पाणी जोरानें येतें, आणि नळ अरुंद असला कीं तें कमी येतें; दाब व रोध यांचें प्रवाहाशीं नातें साधारण याच जातीचें आहे.

हें नातें नेमक्या आंकड्यांत बांधण्याचें श्रेय एका शाळामास्तराकडे जातें. गेऑर्ग ओहम याचा जन्म १७८९ मध्यें जर्मनींतील एर्लांगेन गांवीं, कुलुपें करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं झाला. १८१७ पासून तो कोलोन येथील शाळेंत शिकवी व फावल्या वेळांत प्रयोग करी. त्या काळच्या विद्युद्घटांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यानें तांबें व बिस्मथ या धातूंचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला, आणि त्यापासून मिळणाऱ्या स्थिर दाबावर निरनिराळ्या लांबीच्या तारांतील प्रवाह मोजला. १८२७ मध्यें त्याचा ग्रंथ निघाला. पण स्वदेशीं त्याचें स्वागत थंडपणानेंच झालें. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक दिलें, आणि १८८१ मध्यें पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें रोधाच्या मापास त्याचेंच नांव कायम केलें.

नियम असा कीं, दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध मिळतो, आणि दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति मिळते. ती वॅटांत मोजतात. २३० व्होल्टांवर पाणी तापविण्याच्या यंत्रांतून ८.७ अँपियर प्रवाह जात असेल, तर गुणाकारानें त्याची शक्ति सुमारें २००० वॅट येते, आणि भागाकारानें त्याचा रोध सुमारें २६.४ ओहम येतो. ६० वॅटांच्या तंतूच्या दिव्यांतून अवघा ०.२६ अँपियर प्रवाह जातो. त्याचा रोध सुमारें ८८५ ओहम. मात्र हा रोध दिवा पेटलेला असतांनाचा होय. थंड तंतूचा रोध याच्या दशांशाहूनही कमी भरतो. पंखा व मोटर यांस हें गणित जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

आतां याच दोन नियमांतून निघणारी तिसरी गोष्ट पाहावी. इंग्लंडांतील जेम्स ज्यूल यानें १८४१ मध्यें प्रयोगानें दाखविलें कीं, रोधांत दर क्षणास उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. घराच्या सुरक्षिततेचें मर्म या वर्गांत आहे. भिंतीवरील एखाद्या बटणामागें तारेचा सांधा सैल असून त्याचा रोध अर्धा ओहम आहे, असें समजावें. दिव्याच्या प्रवाहानें तेथें एका वॅटाचा सुमारें तिसावा हिस्सा उष्णता होते. वीस वर्षें तो सांधा कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. त्याच सांध्यावर पाण्याचें यंत्र चालविलें, कीं प्रवाह सुमारें ८.६ अँपियर होतो, व त्याचा वर्ग अर्ध्यानें गुणिला असतां सुमारें ३७ वॅट येतात. कथलाचा डाख लावण्याच्या विजेच्या लहान हत्यारास एवढी शक्ति पुरते! चांगल्या तारेसही थोडा रोध असतो, पण तिची उष्णता सबंध लांबीवर विखुरते. सांध्याची उष्णता मात्र बोटभर जागेंत कोंडते.

येथें पुष्कळांची समजूत चुकते. फ्यूज असो वा आपोआप पडणारा खटका असो, तो प्रवाह प्रमाणाबाहेर गेला म्हणजेच तुटतो. १५ अँपियरांच्या फ्यूजास ८.६ अँपियर हा प्रवाह निर्दोषच वाटणार. उष्णता कोठें सांचली आहे हें त्यास कळत नाहीं.

तें कळतें हिशेबानें. यंत्र चालू असतां परवानाधारक वायरमननें मुख्य फळीवरील दाब व यंत्राजवळील दाब मोजावा. फरक ४.३ व्होल्ट व प्रवाह ८.६ अँपियर आला, तर भागाकार अर्धा ओहम आणि गुणाकार ३७ वॅट. ही शक्ति पाण्यास न मिळतां वाटेंत जळत आहे. तारेची जाडी व लांबी पाहतां इतका रोध निघण्यास कारण नसेल, तर दोष सांध्यांतच शोधावा. बटणाची पाटी ऊन लागणें, पिवळी पडणें किंवा जळका वास येणें, हीं त्याचींच चिन्हें होत.

यास्तव नवें तापयंत्र घरीं आणण्यापूर्वींच त्याच्या पाटीवरील वॅटांस २३० नीं भागावें. जो प्रवाह येईल, तो घरच्या तारेस, बटणास व सांध्यांस पेलवेल कीं नाहीं, याचा निर्णय करून घ्यावा, आणि मगच बटण दाबावें.