हिरडीतील भांडण



कामगार संघटनेच्या माणसाने पगार आणि महागाईभत्ता यांवर बोलावे. त्याने दातांकडे का वळावे, असे आपल्या मनात आले असेल. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये किंवा पूर्णेच्या रेल्वेवस्तीत आम्ही हिंडतो, तेव्हा पन्नाशीच्या आतच दात हललेली माणसे भेटतात. विचारले तर म्हणतात, "वय झालं, दुसरं काय!" ही समजूत खरी आहे काय, एवढेच आज तपासावयाचे आहे.

१६८३ साली हॉलंडातील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा थर स्वतः घडविलेल्या भिंगाखाली पाहिला. त्यात त्यांना वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. असे शेकडो जातींचे जंतू तुमच्या-आमच्या तोंडात नांदत असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मग बिघडते कोठे?

दात आणि हिरडी जेथे मिळतात, तेथे एक बारीक खाच असते. खाचेच्या तळाशी हिरडीच्या पेशींचा पातळ पडदा दाताला चिकटलेला असतो. तेथे जंतूंचा थर साचला की या पेशी जिनिंगच्या भोंग्यासारखा इशारा देतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ जणांनी दात घासणे सोडले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच त्या बऱ्या झाल्या. म्हणजे येथवरची वाट परतीची आहे.

पुढची वाट तशी नाही. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जंतू आहे. संख्येने तो थोडाच असतो. अंगावरच्या बारीक तंतूंनी तो हिरडीच्या पेशीला धरतो आणि तिच्या आत शिरतो. तेथे तो भोंग्याची तारच तोडतो! पांढऱ्या पेशींना नेमके कोठे जावे ते कळत नाही. त्याचे पाचक रस पेशींमधले सांधे आणि रक्षक प्रथिने कापतात. या गोंधळात इतर जंतूही माजतात. दाह धुमसत राहतो, आणि फाटलेल्या ऊतींचे तुकडे व रक्तातले लोह हेच जंतूंचे अन्न होते. शेवटी शरीराच्याच पेशी दाताभोवतीचे हाड झिजवू लागतात. यालाच आपण पायोरिया म्हणतो. नुकसान जंतू करतो तसेच आपले भरकटलेले रक्षकही करतात.

आता वयाचा प्रश्न. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांची तपासणी १९७० पासून १५ वर्षे झाली. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्यही नव्हता. तरी सुमारे ८ टक्के लोकांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. पहिल्या गटाचे दात पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सारे गेले. सर्वांचे वय सारखेच वाढत होते. मग फरक वयाने कसा पडेल? तो शरीराच्या प्रतिकाराच्या तऱ्हेने पडला.

आमच्या मायबहिणी मशेरी लावतात. तिने ठणका कमी वाटतो, हे खोटे नाही. परंतु तंबाखूने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि धोक्याची खूणच झाकली जाते. आत रोग वाढतच असतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनावर सरकारने १९९२ साली बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा कसा पोचणार?

तेव्हा रक्त येते म्हणून घासणे सोडू नका. उलट हळुवारपणे, पण दोन वेळा घासा. घट्ट बसलेले कीटण ब्रशाने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. मधुमेह असणाऱ्यांनी तर अधिक जपावे, कारण हे दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात. आणि कारखान्यात आरोग्य शिबिर भरते, तेव्हा डोळे व रक्तदाब यांबरोबर हिरड्याही तपासा, अशी मागणी आपण एकजुटीने करू या. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. म्हणून ही मागणी वेळेवर झाली पाहिजे.

हे ज्ञान मळ्यावरच्या मजुरांच्या तोंडातून शास्त्राला मिळाले. ते मजुरांच्या घरी परत पोचविणे, हे आम्ही संघटनेचेच काम समजतो.