घडीव की ओतीव?

आमचे शहर नवे. मोटार मात्र जुनी. वाशीला आमच्या इमारतीखाली वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या जातीच्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला, त्या दिवशी वडील फारसे बोलले नाहीत. मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रशास्त्रातला अधिकारी नव्हे. पण गेल्या वर्षी या गाडीचा क्रँकशाफ्ट मोडला, आणि त्या निमित्ताने जे शिकावे लागले ते आज आपल्याला सांगणार आहे.

पायाने चालवायचे शिवणयंत्र आपण पाहिले असेल. पाय वरखाली होतो आणि चाक गोल फिरते. मोटारीत हेच काम क्रँकशाफ्ट करतो. पुस्तकात त्याला भुजादंड म्हणतात. दट्ट्यांची वरखाली धाव तो फिरकीत बदलतो. पद्मिनीला दट्टे चार, पण शाफ्टला आधार देणारी बेअरिंगे तीनच. मधल्या बेअरिंगच्या दोन्ही अंगांच्या भुजा एकाच दिशेला असतात, त्यामुळे शाफ्ट फिरू लागला की त्या दोघी मिळून एकाच बाजूला ओढतात. संथ चालीत हे खपून जाते.

पण आमच्या पुतण्याला जुन्या गाड्यांच्या शर्यतीचे वेड. "काका, मिनिटाला सात हजार फेरे काढू!" एंजिन बेतलेले पाच हजारांच्या आसपासच्या फेऱ्यांसाठी. फेरे पाचाचे सात हजार झाले, तर ताण किती वाढेल? आपण म्हणाल, दीडपटीच्या आत. नाही! तो फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो.

शाफ्ट मोडला तो मधल्या बेअरिंगजवळच, आणि सुदैवाने गाडी रस्त्यावर नव्हती, गॅरेजात होती. मोडलेली जागा पाहिली, तर अर्धा भाग गुळगुळीत आणि अर्धा खडबडीत. तुर्भ्याचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, हा आज नाही तुटला. कधीचा तुटत होता." लोखंडालाही थकवा येतो. रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या व्होलर यांनी दाखवले. ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळजवळ अमर. मर्यादा ओलांडली की प्रत्येक फेरा आयुष्यातून वजा होतो. आमच्या शाफ्टला मागे कोणीतरी घासून नवे माप देताना कोपऱ्यातली गोलाई काढून टाकली होती. टोकदार कोपऱ्यात ताण साचला आणि तडा तिथूनच निघाला.

मग निवड आली. मेजावर दोन शाफ्ट. एक नवा, चकचकीत, डब्यावर 'शर्यतीसाठी' असे छापलेला. दुसरा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातला, तेलाने काळा. मिस्त्रींनी दोघांच्या अंगावरची रेघ दाखवली. नव्याची रेघ बारीक, धारदार: तो ओतीव. जुन्याची रुंद, घासलेली पट्टी: तो घडीव. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

ओतीव म्हणजे वाईटच, असे नव्हे. रोजच्या चालीला चांगला ओतीव शाफ्ट वर्षानुवर्षे पुरतो. पण वेगाच्या एंजिनाला घडीव बरा. नांगरासाठी सुतार मुळातच बाक असलेले लाकूड शोधतो, कारण त्याचे तंतू बाकाबरोबर वळलेले असतात. तापलेले पोलाद साच्यात घणाखाली घडवले की त्याचेही तंतू असेच वळतात. पुण्याला मुंढव्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने क्रँकशाफ्ट घडवण्याच्या याच विद्येवर नाव कमावले.

तरीही घडीव आहे एवढ्याने भागत नाही. चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, तडा: शाफ्टला चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक पूड सोडतात, तडा असेल तिथे ती रेघेसारखी गोळा होते. दुसरी, सरळपणा: दोन टोकांवर ठेवून डायल गेजखाली फिरवावा. तिसरी, घासणी: एकदोनदा घासलेला चालेल, फार बारीक झालेला नको, आणि कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी हवी. चौथी, पृष्ठभाग: अमोनिया वायूत पाचशे अंशांच्या आसपास तापवून त्याला कठीण करतात. हे नायट्रायडिंग घासणीच्या आधी केले तर पातळ थर घासणीतच निघून जातो. शेवटी समतोल, तोही फ्लायव्हील व क्लच जोडून.

जुना शाफ्ट पहिल्या तीन परीक्षा उतरला. चौथीचे काम आम्ही करून घेतले. खर्च त्या चकचकीत डब्याहून जास्त आला, हे लपवत नाही. पुतण्याला मात्र एक अट घातली: सहा हजारांपुढे काटा न्यायचा नाही. सहा हजारांवरही ताण जवळजवळ दीडपट होतोच. तो थोडा हिरमुसला. मग मोडक्या शाफ्टचा तुकडा त्याने स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला.

परवा वडील पुन्हा गाडीत बसले. पाम बीच रस्त्याने बेलापूरपर्यंत जाऊन आलो. एंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत ते एवढेच म्हणाले, "पुतण्या चालवत होता ना? मग ठीक आहे."